अनागरिक मतदारांचा आकडा : एका सर्वेक्षण-वादाची चिकित्सा

‘इलेक्टोरल स्टडीज’ ह्या नियतकालिकात २०१४ साली जेसी रिचमन, गुलशन चट्ठा आणि डेव्हिड अर्नेस्ट ह्या तिघांचा एक लेख प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या निवडणुकांत नागरिक नसलेले रहिवासी मतदान करतात काय, हा त्याचा प्रश्न होता. करतात, आणि क्वचित प्रसंगी निकाल फिरविण्याइतके करतात, हे त्याचे उत्तर होते. राज्यशास्त्रातील संख्यात्मक निबंधाचे वाचक सामान्यतः त्या विषयाचे अभ्यासक एवढेच असतात. ह्या निबंधाच्या वाट्याला मात्र निराळे भाग्य आले. त्यातील एक आकडा पुढे राष्ट्राध्यक्षांच्या प्रवक्त्याच्या तोंडी ऐकू आला, आणि त्याच्या लेखकांपैकी एकास संघीय न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष द्यावी लागली. निबंधावर जी टीका झाली तीही तितकीच गाजली. तथापि ह्या गाजावाजात मूळ पद्धतिशास्त्रीय प्रश्न बराचसा झाकला गेला. जो गट फार लहान आहे त्याचे वर्तन फार मोठ्या पाहणीतून वेचून काढता येते काय, हा तो प्रश्न होय. आणि त्याचे महत्त्व अमेरिकेच्या मतदारयाद्यांपुरते मर्यादित नाही.

प्रथम कायद्याची स्थिती. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील अनेक राज्यांनी, नागरिकत्व घेण्याचा इरादा जाहीर केलेल्या परदेशीयांस मताधिकार दिलेला होता. ही प्रथा शेवटी अर्कान्सास राज्यात १९२६ साली बंद पडली. १९९६ च्या संघीय कायद्याने राष्ट्रीय निवडणुकीत अनागरिकाचे मतदान हा गुन्हा ठरविला आहे. मेरिलँडमधील टाकोमा पार्कसारखी काही गावे आपल्या स्थानिक निवडणुकीत अनागरिकांस मत देऊ देतात, एवढाच अपवाद. १९९३ च्या मतदार-नोंदणी कायद्यान्वये मोटार-परवान्याच्या कचेरीतही नोंदणीचा अर्ज पुढे केला जातो, आणि त्यावर अर्जदार आपण नागरिक असल्याचे शपथेवर लिहून देतो. अनागरिकाने असे मत दिल्याचे उघडकीस आले तर हद्दपारीची पाळी येऊ शकते. न्यू जर्सीत वा कॅलिफोर्नियात कायम वास्तव्याचा परवाना घेऊन नागरिकत्वाची वाट पाहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही जोखीम ठाऊक असते. एका मतासाठी ती कोणी का पत्करावी, हा प्रश्न साधा असला तरी गैरलागू नाही. मात्र कारणमीमांसेने आकड्याचे खंडन होत नसते. अज्ञानाने वा कचेरीतील गफलतीने नोंदणी होणे शक्य आहे, आणि किती होते हे मोजूनच पाहावे लागते.

रिचमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतः कोणतीही पाहणी केली नव्हती. ‘कोऑपरेटिव्ह काँग्रेशनल इलेक्शन स्टडी’ ह्या नावाने अनेक विद्यापीठे मिळून तेव्हा जी निवडणूक-पाहणी करीत असत, तिची सामग्री त्यांनी वापरली. ही पाहणी ‘युगव्ह’ ह्या संस्थेमार्फत इंटरनेटवर होते, आणि तिचा विस्तार हेच तिचे मुख्य आकर्षण आहे. २००८ साली तिच्यात सुमारे ३२,८०० आणि २०१० साली सुमारे ५५,४०० उत्तरदाते होते. पैकी आपण स्थलांतरित असून नागरिक नाही, असे सांगणारे अनुक्रमे ३३९ आणि ४८९ निघाले. नेहमीच्या हजार-दीड हजारांच्या पाहणीत असे दहा-पंधराच लोक सापडले असते. येथे शेकड्यांनी सापडले, आणि त्यांतील काहींची उत्तरे राज्यांच्या मतदार-नोंदींशी ताडूनही पाहिलेली होती. अशा सामग्रीचा मोह संशोधकास पडावा यात नवल नाही.

ह्या अनागरिकांपैकी १४ टक्क्यांहून अधिक लोकांनी दोन्ही वर्षी आपली मतदार म्हणून नोंदणी असल्याचे सांगितले. तोंडी उत्तरे आणि अधिकृत नोंदी यांचा मेळ घालून लेखकांनी असा अंदाज बांधला की, २००८ साली ६.४ टक्के आणि २०१० साली २.२ टक्के अनागरिकांनी प्रत्यक्ष मतदान केले. देशातील १ कोटी ९४ लाख प्रौढ अनागरिकांना हे प्रमाण लावले असता २००८ ची संख्या बारा लाखांच्या घरात जाते. येथे लेखकांच्या बाजूने एक गोष्ट नोंदविली पाहिजे. त्यांनी निरनिराळ्या गृहीतकांवर आधारलेले अंदाजही दिले, आणि त्यांचा पल्ला ३८ हजारांपासून २८ लाखांपर्यंत पसरलेला होता. एका टोकापासून दुसरे टोक सत्तरपटींहून अधिक दूर असलेला अंदाज हा अंदाज नसून आपल्या सामग्रीच्या असमर्थतेची कबुलीच आहे, असे कोणी म्हटल्यास त्याला दोष देता येणार नाही. परंतु ऑक्टोबर २०१४ मध्ये, मध्यावधी निवडणुका तोंडावर आल्या असता, रिचमन आणि अर्नेस्ट यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’साठी जो लेख लिहिला, त्यात वाचकाच्या लक्षात राहिला तो हा पल्ला नव्हे. २००८ साली मिनेसोटात अल् फ्रँकन हे सेनेटवर ३१२ मतांनी निवडून आले होते. नॉर्थ कॅरोलायनात ओबामा यांचे मताधिक्य १४,१७७ होते. अनागरिकांची मते ह्या निकालांस कारण झाली असणे शक्य आहे, असे तेथे सुचविले होते. शेकडो माणसांच्या पाहणीतील एकवीसेक उत्तरांवर एका सेनेटराची निवड तोलून पाहण्याचा हा प्रकार होता.

२०१५ साली त्याच नियतकालिकात स्टीफन अन्सोलाबेहेर, समॅन्था ल्यूक्स आणि ब्रायन शॅफनर यांचे उत्तर आले. हे तिघेही ह्याच पाहणीशी संबंधित होते. आपल्याच हत्याराची धार कोठे बोथट आहे हे त्यांनी दाखविले. त्यांच्या टीकेचे वजन काहीसे ह्यातच आहे. त्यांचा मुद्दा सांगायला अवघड नाही, पण पचायला अवघड आहे. कोणत्याही प्रश्नावलीत काही उत्तरदाते चुकीच्या घरात खूण करतात, घाईने, अनवधानाने किंवा प्रश्न नीट न वाचता. समजा, नागरिकत्वाच्या प्रश्नाला हजारांत एकच माणूस अशी चूक करतो. दहा-वीस प्रश्नांच्या प्रश्नावलीत इतकी शुद्धता कोणाही पाहणीकर्त्यास अभिमानास्पद वाटावी. आता २००८ च्या पाहणीतील खरे नागरिक सुमारे साडेबत्तीस हजार. हजारांत एक ह्या हिशेबाने त्यांतील बत्तीसेक जण ‘अनागरिक’ ह्या घरात जाऊन पडतील. हे बत्तीस नागरिक असल्यामुळे ते मतदान करणारच. दहांतील सात जणांनी मतदान केले असे धरले तर बावीस-तेवीस मतदार अनागरिकांच्या यादीत आपोआप उभे राहतात. रिचमन यांच्या ६.४ टक्क्यांचा अर्थ ३३९ पैकी सुमारे एकवीस माणसे एवढाच होतो. म्हणजे एकाही खऱ्या अनागरिकाने मत दिले नसते, तरीही ह्या पाहणीत जवळजवळ तेवढेच ‘अनागरिक मतदार’ सापडले असते.

पाहणी मोठी केल्याने हा दोष कमी होत नाही, ही गोष्ट ह्या हिशेबातून नीट ध्यानी घेतली पाहिजे. कारण विद्यार्थ्यांच्या मनावर नमुन्याच्या आकाराचा जो दरारा असतो त्याला येथे धक्का बसतो. यादृच्छिक चूक नमुना वाढला की आकसते. येथील चूक त्या जातीची नाही. उत्तरदाते दुप्पट झाले की चुकून अनागरिकांत गेलेले नागरिकही दुप्पट होतात. मोठ्या गटाच्या दृष्टीने नगण्य असलेली गळती शेजारच्या लहान गटाला बुडवून टाकते, आणि लहान गट जितका लहान तितकी ती अधिक खोल. त्यातही ह्या पाहणीत अनागरिकांचे प्रमाण जेमतेम १ टक्का होते, तर देशाच्या प्रौढ लोकसंख्येत ते ८ टक्क्यांच्या आसपास होते. इंटरनेटवरील प्रश्नावली भरणाऱ्यांत अनागरिक इतके कमी येतात, ह्याचा अर्थ नमुना प्रातिनिधिक नव्हता एवढाच नव्हे. गाळात मिसळलेल्या पाण्याचे मान त्यामुळे आठपट बिघडलेले होते.

मराठी वाचकाला ह्या दोषाची ओळख एका अगदी निराळ्या क्षेत्रातून असू शकेल. पां. वा. सुखात्मे यांनी पीक-कापणीच्या पाहण्यांविषयी १९४६ साली असे दाखवून दिले होते की, शेतातील फार लहान तुकडे नमुन्यादाखल कापले असता उत्पादनाचा अंदाज वाढीव येतो. तुकड्याच्या सीमारेषेवर उभे असलेले रोप आत धरावे की बाहेर, असा प्रसंग आला म्हणजे कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. आणि तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्राच्या मानाने त्याची कड लांब. असे तुकडे कितीही अधिक कापले तरी हा फुगवटा जात नाही. नमुन्याबाहेरील चुकांचा प्रश्न सुखात्मे यांनी पुढे १९५२ साली सेठ यांच्यासमवेत स्वतंत्रपणे हाताळला. गव्हाच्या कडेची रोपे आणि नागरिकत्वाच्या कडेचे उत्तरदाते यांत गणिताच्या दृष्टीने फारसे अंतर नाही. अमेरिकेतील वादात हा जुना धडा कोणी आठवलेला दिसत नाही. आठवला असता तर काही शाई वाचली असती.

अधिकृत नोंदींशी पडताळणी केल्याने हा आक्षेप दूर होतो, असे वरवर पाहता वाटेल. उत्तरदात्याने मत दिल्याचे राज्याच्या दप्तरातच सापडले तर आणखी पुरावा तो कोणता? परंतु पडताळणी झाली ती मतदानाची, नागरिकत्वाची नव्हे. चुकून ‘अनागरिक’ अशी खूण केलेला नागरिक जर मतदान करून आला असेल, तर त्याचे नाव दप्तरात सापडणारच. किंबहुना त्याचेच सापडणार. म्हणजे ज्या पुराव्याने शंका फिटावी असे वाटते, तोच पुरावा शंका वाढवितो. मूळ निबंधातील आणखी एक निरीक्षण ह्या दृष्टीने फार बोलके आहे. मतदानकेंद्रावर छायाचित्रासह ओळखपत्र मागितले गेले असे ज्या अनागरिकांनी सांगितले, त्यांतील बहुसंख्यांनी तरीही आपण मत दिल्याचे सांगितले. लेखकांनी यावरून ओळखपत्राच्या सक्तीचा अनागरिकांवर परिणाम होत नाही, असा निष्कर्ष काढला. त्याच उत्तरांचा सरळ अर्थ असा की, ही माणसे नागरिक होती, त्यांनी ओळखपत्र दाखविले आणि मत देऊन ती घरी गेली. आपल्याच सामग्रीत उभा असलेला हा साक्षीदार लेखकांना दिसू नये, हे त्यांच्या निबंधाचे सर्वांत दुबळे स्थळ म्हणावे लागेल.

हजारांत एक हे प्रमाण टीकाकारांनी हवेतून घेतलेले नव्हते. २०१० आणि २०१२ अशा दोन वर्षी त्याच माणसांना पुन्हा प्रश्न विचारलेल्या सुमारे एकोणीस हजार उत्तरदात्यांचा एक संच त्यांच्यापाशी होता. त्यांपैकी १८,७३७ जणांनी दोन्ही वेळा आपण नागरिक असल्याचे सांगितले; ८५ जणांनी दोन्ही वेळा नसल्याचे. ३६ जण पहिल्या वेळी अनागरिक होते आणि दुसऱ्या वेळी नागरिक झाले. हे शक्य आहे, दोन वर्षांत कित्येकांना नागरिकत्व मिळते. मात्र २० जण २०१० साली नागरिक होते आणि २०१२ साली नव्हते. अमेरिकेचे नागरिकत्व असे सहजासहजी गळून पडत नाही. ह्या वीसांची एक ना एक खूण चुकलेलीच होती. अठरा हजारांत वीस, म्हणजेच हजारांत एक. पण २०१२ च्या बाजूने पाहिले तर त्या वर्षी स्वतःस अनागरिक म्हणविणारे एकूण १०५ होते, आणि त्यांतील वीस, म्हणजे जवळजवळ पाचांतील एक, दोन वर्षांपूर्वी नागरिक होते. एकच चूक एका टोकाने ०.१ टक्का दिसते आणि दुसऱ्या टोकाने १९ टक्के. सगळा वाद ह्या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आहे. दोन्ही वेळा अनागरिक म्हणविणाऱ्या ८५ जणांपैकी २०१० साली मत दिल्याची नोंद एकाचीही सापडली नाही.

रिचमन यांच्या बाजूने ह्यावर जे म्हणण्यासारखे आहे ते क्षुल्लक नाही. चूक केवळ एकाच दिशेने होते असे का मानावे? ज्या अनागरिकाने बेकायदा नोंदणी केली आहे, तो पाहणीतही स्वतःस नागरिक म्हणविणार. त्याचे उत्तर नागरिकांच्या राशीत कायमचे गडप होईल, आणि मोजणी उलट कमी भरेल. शिवाय अनागरिक म्हणविणाऱ्या मतदारांची वंश, प्रदेश इत्यादी लक्षणे सर्वसाधारण नागरिकांसारखी नसून स्थलांतरितांसारखी दिसतात, असाही मुद्दा मांडला गेला. दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर प्रश्नाच्या बांधणीतच आहे. ह्या पाहणीत ‘नागरिक आहात काय’ असा सुटा प्रश्न नसून पाच पर्यायांची एक यादी असते. स्थलांतरित असून नागरिकत्व मिळविलेला, हा तिचा पहिला पर्याय. स्थलांतरित असून नागरिक नसलेला, हा दुसरा. पुढील पर्याय ह्या देशात जन्मलेल्यांसाठी. बोट घसरायचे तर ते शेजारच्या घरातच अधिक घसरणार. म्हणजे चुकून अनागरिक ठरलेले बरेचसे लोक नागरिकत्व मिळविलेले स्थलांतरितच असणार, आणि ते स्थलांतरितांसारखे दिसतात यात आश्चर्य ते काय? पहिला मुद्दा मात्र उरतो. पाहणीच्या आधारे त्याचे खंडनही होत नाही आणि मंडनही.

येथेच टीकाकारांचाही पाय किंचित घसरला आहे. अलीकडील निवडणुकांत मत देणाऱ्या अनागरिकांचे संभाव्य प्रमाण शून्य आहे, असे त्यांनी आपल्या निष्कर्षात म्हटले. ८५ पैकी शून्य ह्या निरीक्षणातून एवढे सिद्ध होत नाही. अशा प्रसंगी वापरावयाचा जो सोपा नियम सांख्यिकीच्या विद्यार्थ्यांना शिकविला जातो, त्यानुसार ९५ टक्के विश्वासाने एवढेच म्हणता येते की खरे प्रमाण साडेतीन टक्क्यांहून अधिक नसावे. एक कोटी चौऱ्याण्णव लाखांचे साडेतीन टक्के म्हणजे सहा-पावणेसात लाख. त्याला शून्य कोण म्हणेल? हजारांत एक हे प्रमाणही दरवर्षी तेवढेच राहते असे नाही. २०१० च्या मोठ्या पाहणीत रिचमन यांच्या हिशेबाने केवळ दहा-अकरा अनागरिक मतदार भरतात, आणि ते उभे राहण्यास तीन हजारांत एक इतकी चूकही पुरते. म्हणजे चुकीचा दर ठरवून तो आकड्यातून वजा करावा आणि खाली उरेल ते सत्य मानावे, हा मार्गही बंद आहे. टीकाकारांनी जे निर्विवादपणे सिद्ध केले ते असे की, ही पाहणी ह्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. एवढा निष्कर्ष पुरेसा होता. त्यापुढचे शून्य त्यांनी दुसऱ्या पुराव्यावर सोडावयास हवे होते.

वादाचा हा भाग विद्वानांमधला होता. बाहेरच्या जगात १४ टक्क्यांचा आकडा स्वतःच्या पायांनी चालू लागला होता. जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी तीस ते पन्नास लाख बेकायदा मते पडल्याचा दावा केला, तेव्हा त्यांचे प्रवक्ते शॉन स्पायसर यांनी आधार म्हणून सांगितले की, २००८ सालच्या ‘प्यू’ संस्थेच्या एका अभ्यासानुसार मत देणाऱ्यांपैकी १४ टक्के लोक अनागरिक होते. एका वाक्यात चार चुका व्हाव्यात असे हे उदाहरण आहे. ‘प्यू’चा अहवाल २०१२ चा होता, तो मृत मतदारांची नावे, दुहेरी नोंदी आणि जुने पत्ते यांविषयी होता, १४ टक्के हा आकडा त्यात नव्हता, रिचमन यांच्या निबंधात होता, आणि तेथेही तो अनागरिकांपैकी नोंदणी असल्याचे सांगणाऱ्यांचा होता, मतदारांपैकी अनागरिकांचा नव्हे. शेवटची उलटापालट सर्वांत घातक. छेदस्थानी दोन कोटींऐवजी तेरा-चौदा कोटी आले की लाखांचे कोटी होतात. आपल्या निबंधातून असा दावा निघत नाही हे स्वतः रिचमन यांनीही स्पष्ट केले होते. पण एकदा सुटलेल्या आकड्याला लेखकाची मर्यादा लागू होत नाही.

ह्या सर्वांचा हिशेब प्रत्यक्ष माणसांना कोठे चुकवावा लागला, हे पाहण्यासाठी कॅन्सास राज्याकडे वळले पाहिजे. तेथे जानेवारी २०१३ पासून मतदार-नोंदणीसाठी जन्मदाखला, पारपत्र अशा नागरिकत्वाच्या कागदोपत्री पुराव्याची सक्ती करण्यात आली. परिणामी सुमारे ३१,००० अर्जदारांची, म्हणजे नव्या अर्जदारांपैकी बारा टक्क्यांहून अधिक लोकांची, नोंदणी अडली. ह्या सक्तीविरुद्धच्या खटल्यात मार्च २०१८ मध्ये रिचमन राज्याच्या बाजूने तज्ज्ञ म्हणून उभे राहिले. त्यांच्या प्रतिपादनाला उत्तर देण्यासाठी विरुद्ध बाजूने आले ते अन्सोलाबेहेर. नियतकालिकाच्या पानांवरील वाद असा न्यायाधीशांपुढे आला. रिचमन यांच्या एका अंदाजाप्रमाणे कॅन्सासमधील सुमारे १८,००० अनागरिकांनी नोंदणी केली होती वा करण्याचा प्रयत्न केला होता. त्याचा पाया असा : तात्पुरता मोटार-परवाना असलेल्या अनागरिकांपैकी ३७ जणांनी पाहणीस उत्तर दिले, आणि त्यांतील सहा जण ‘होय’ म्हणाले. सदतीसांपैकी सहा ह्या प्रमाणाचा विश्वासपल्लाच सुमारे ८ ते ३१ टक्के इतका रुंद आहे. आणि नोंदणी करणे व करू पाहणे ह्या दोन गोष्टी एकाच घरात टाकल्यावर तो पल्ला कशाचा, हाही प्रश्न राहतो. अडलेल्या अर्जदारांच्या नावांवरून कोण परदेशी वाटतो हे ठरविण्याचाही एक प्रयत्न साक्षीत उघड झाला. उलटतपासणीत एक नाव पुढे करून हे परदेशी म्हणून नोंदविले असते काय, असे विचारले गेले. बहुधा हो, असे उत्तर आले. ते नाव त्याच राज्यात काम करणाऱ्या एका संघीय न्यायाधीशांचे होते.

न्यायाधीश ज्यूली रॉबिन्सन यांनी जून २०१८ मध्ये ही सक्ती रद्द केली. रिचमन यांच्या अंदाजांना त्यांनी फारसे वजन दिले नाही. १९९९ पासूनच्या दप्तरात यादीवर पोहोचलेले अनागरिक फार तर ३९ दिसतात, असे त्यांना आढळले. राज्याचे म्हणणे होते की हे हिमनगाचे केवळ टोक आहे. न्यायालयाचे मत पडले की हिमनग नाहीच, बर्फाचा एक लोंबता सुळका आहे, आणि तोही मुख्यतः गैरसमज व कारकुनी चुका यांनी बनलेला. २०२० साली वरिष्ठ न्यायालयाने हा निर्णय कायम केला. एकोणीस वर्षांतील ३९ नावे एका बाजूस आणि तीन वर्षांत अडलेले ३१,००० अर्जदार, ज्यांतील बहुसंख्य नागरिकच होते, ते दुसऱ्या बाजूस : सहा होकारांचा एक नमुना ह्या तराजूत टाकला गेला होता.

दुसऱ्या जातीचा पुरावा, म्हणजे दप्तराची तपासणी, पाहणीहून अधिक भरवशाचा आहे, पण तोही डोळे मिटून घेण्यासारखा नाही. टेक्सास राज्याने जानेवारी २०१९ मध्ये मोटार-परवान्याच्या नोंदी मतदारयादीशी जुळवून सुमारे ९५,००० नावे संशयित म्हणून जाहीर केली. परवाना घेताना अनागरिक असलेले कित्येक लोक पुढे नागरिक झाले होते, हे लक्षातच घेतले गेले नव्हते. थोड्याच दिवसांत सुमारे २५,००० नावे मागे घ्यावी लागली, आणि एप्रिलमध्ये तडजोड करून राज्याने ती मोहीम सोडली. यंत्राने केलेल्या जुळणीतही कडेची रोपे आत ओढली जातात. जेथे प्रत्येक संशयित नावाची पुढे स्वतंत्र चौकशी झाली, तेथील आकडे मात्र एकमेकांशी बरेच जुळतात. नॉर्थ कॅरोलायनाच्या निवडणूक-मंडळाने २०१६ च्या सुमारे ४८ लाख मतांच्या तपासणीत ४१ अनागरिकांची मते आढळल्याचे २०१७ साली जाहीर केले. ब्रेनन सेंटरने त्याच निवडणुकीबाबत ४२ निवडणूक-क्षेत्रांतील अधिकाऱ्यांकडे विचारणा केली. २ कोटी ३५ लाख मतांत पुढील चौकशीसाठी पाठविलेली संशयित प्रकरणे सुमारे ३० होती. जॉर्जियाने २०२४ साली ८२ लाख नावांची यादी तपासली तेव्हा २० अनागरिक सापडले. तपासणीत सापडते ते सापडण्याजोगेच असते, हा आक्षेप येथेही घेता येईल, आणि काही अंशी तो खरा आहे. पण सहा टक्के आणि लाखांत एखादा यांतील दरी लपून राहिलेल्यांनी भरून काढावयाची, तर सापडलेल्या प्रत्येकामागे हजारो न सापडलेले मानावे लागतील.

मोठ्या निवडणूक-पाहण्यांची सामग्री आता कोणाही अभ्यासकास सहज मिळते, आणि दुर्मिळ वर्तनाचा शोध घेणारे प्रबंध तिच्यावर पुढेही लिहिले जातील. अशा प्रत्येक ठिकाणी मोजावयाच्या गटाचा आकार आणि त्याच्या शेजारच्या गटातून होणारी गळती ही दोन्ही परिमाणे पहिल्याच कोष्टकात एकाशेजारी एक छापली जावीत. नागरिकत्वाबाबत आणखी एक साधा उपाय आहे : पर्यायांच्या यादीवर विसंबून न राहता, नागरिकत्व कोणत्या वर्षी मिळाले, हा सुटा प्रश्न प्रत्येक फेरीत त्याच माणसास विचारावा. २०१० साली अनागरिक आणि २०१२ साली नागरिक असलेल्या त्या ३६ जणांपैकी कितींनी मधल्या काळात खरोखर शपथ घेतली आणि कितींचे बोट शेजारच्या घरावर पडले, हे अशा एका प्रश्नाने वेगळे करता येते.